रजतपटावरील तारामती : कै. दुर्गाबाई खोटे

देऊळ हे देवाचे घर तर खरेच. पण आपल्या कोकण किनाऱ्यावर ते गावाची शाळाही होते आणि गावाचे नाट्यगृहही होते. अक्षरओळख नसलेल्या पिढ्यांनी राजा हरिश्चंद्राची कथा पोथी उघडून वाचली नाही. ती त्यांनी सभामंडपात बसून कीर्तनकाराच्या तोंडून ऐकली आणि उत्सवाच्या रात्री देवळापुढील मांडवात, गॅसबत्तीच्या उजेडात, गावच्याच मंडळींनी केलेल्या नाटकात पाहिली. त्या नाटकातील तारामती ही बहुधा दिवसा होडीवर किंवा शेतावर राबणारा एखादा तरुण असे. लुगडे नेसून, अंबाडा घालून तो उभा राहिला की माजघरातल्या बायाबापड्यांच्या डोळ्यांना पदर लागत असे. बाईचे काम बाईने करावे ही कल्पनाच त्या काळी कोणाच्या मनाला शिवत नसे, आणि शिवलीच तर ती पाप वाटे.

या समजुतीला ज्या थोड्या स्त्रियांनी आपल्या आयुष्याची किंमत देऊन छेद दिला, त्यांत कै. दुर्गाबाई खोटे यांचे नाव अग्रभागी आहे. मराठी माणसाने पडद्यावर प्रथम बोलताना आणि गाताना पाहिलेली तारामती त्यांची. पुढे सीता, मीरा, कैकेयी अशी देवळातल्या कीर्तनातून ओळखीची झालेली कितीतरी रूपे त्यांनी साकार केली. अशा या थोर अभिनेत्रीने आयुष्याच्या उत्तरार्धात विसावा घेण्यासाठी अलिबाग निवडले, ही रायगडच्या किनाऱ्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. देवळाच्या जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी त्यांच्या जीवनाचे स्मरण करणे म्हणूनच उचित ठरेल.

आधीचा काळ

दुर्गाबाईंचे कार्य समजून घ्यावयाचे तर त्यांच्या आधीची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस 'सीतास्वयंवर' करून मराठी रंगभूमीचा पाया घातला. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणून संगीत नाटकाचे युग सुरू केले. भाऊराव कोल्हटकर, बालगंधर्व अशा थोर नटांनी स्त्रीभूमिका अजरामर केल्या. परंतु घरंदाज स्त्रीला रंगभूमीचा दरवाजा बंदच राहिला. स्त्रियांच्या काही नाटक मंडळ्या होत्या, तथापि त्यांतील कलावंतिणींना समाजात मानाचे स्थान नव्हते.

सिनेमाची स्थिती याहून बिकट होती. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट तयार केला, तेव्हा तारामतीसाठी त्यांनी जंग जंग पछाडले. जाहिराती दिल्या, पुष्कळ ठिकाणी स्वतः पायपीट केली. पण समाजाने ज्यांना वाळीत टाकले होते अशा वस्तीतल्या स्त्रियाही सिनेमात येण्यास राजी होईनात. अखेर एका खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला फाळक्यांनी तारामती केले. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर' या दुसऱ्या चित्रपटासाठी मात्र त्यांना नाटक मंडळीत काम करणाऱ्या दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमला या मायलेकी मिळाल्या. आई पार्वती झाली, तर तेरा वर्षांच्या आतबाहेरची मुलगी मोहिनी. भारतीय पडद्यावर स्त्रीचे पाऊल पडले ते असे. हीच कमला पुढे कमलाबाई गोखले म्हणून प्रसिद्धीस आली. चंद्रकांत गोखले हे तिचे पुत्र आणि विक्रम गोखले हे नातू. दुर्गाबाई कामत यांच्यावर पतीपासून विभक्त झाल्यावर मुलीला घेऊन पोट भरण्याची वेळ आली होती. म्हणून त्या नाटकात शिरल्या आणि त्याबद्दल त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला. या मायलेकींनी जी वाट पाडली तिच्यावरून पुढील अठरा वर्षांत फार थोड्या घरंदाज मराठी स्त्रिया चालल्या. ही वाट रुळावयाची होती ती दुर्गाबाई खोटे यांच्या पावलांनी.

बालपण आणि शिक्षण

दुर्गाबाईंचा जन्म मकरसंक्रांतीच्या दिवशी, १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईत झाला. त्यांचे माहेरचे नाव विठा लाड. लाड कुटुंब मूळचे गोव्याकडचे. वडील पांडुरंग शामराव लाड हे मुंबईतील नामांकित सॉलिसिटर आणि आई मंजुळाबाई. गिरगावात कांदेवाडीत लाडांचे मोठे एकत्र कुटुंब नांदत होते. मुलगी म्हणजे परक्याचे धन मानण्याचा तो काळ. परंतु लाडांनी आपल्या मुलीला कॅथीड्रल हायस्कूलसारख्या इंग्रजी शाळेत घातले आणि पुढे सेंट झेवियर्स कॉलेजात पाठविले. कॉलेजात जाणाऱ्या मराठी मुली त्या काळी अगदी मोजक्या होत्या. मराठी घरचे संस्कार आणि इंग्रजी शिक्षण या दोहोंचा मिलाफ त्यांच्या बोलण्याचालण्यात अखेरपर्यंत दिसत राहिला.

कॉलेजचे शिक्षण चालू असतानाच त्यांचा विवाह विश्वनाथ खोटे यांच्याशी झाला. विश्वनाथराव बनारस हिंदू विश्वविद्यालयातून उत्तीर्ण झालेले यंत्रविद्येचे इंजिनिअर. खोट्यांचे घराणेही सधन आणि प्रतिष्ठित. बकुळ आणि हरिन अशी दोन मुले झाली. घरात कशाची वाण नव्हती. मुंबईच्या सुखवस्तू घरातली सून म्हणून दुर्गाबाईंचे सारे आयुष्य सुखात जावे, असाच तो संसार होता.

घराची पडझड

परंतु दैव फिरले. सासऱ्यांना शेअर बाजारात जबर खोट आली आणि पाहता पाहता वैभव नाहीसे झाले. राहणी बदलली, नोकरचाकर गेले, घरखर्च भागविण्याची विवंचना सुरू झाली. पुढे ऐन तारुण्यात वैधव्याचाही घाला पडला. दोन लहान मुलांना वाढविण्याचा भार दुर्गाबाईंवर आला तेव्हा त्यांचे वय पंचवीस-सव्वीस वर्षांचे होते. माहेर समर्थ होते. पण आयुष्यभर माहेरच्या अन्नावर राहणे त्यांच्या स्वाभिमानाला रुचणारे नव्हते. त्यांनी शिकवण्या धरल्या. शिकलेल्या स्त्रीला त्या काळी करता येण्याजोगे जवळजवळ तेवढेच काम होते. त्यातून मिळणाऱ्या पैशांत दोन मुलांचे शिक्षण होणे कठीण होते.

अशा वेळी सिनेमाचे बोलावणे आले, आणि तेही आडवाटेने. प्रथम विचारणा झाली ती त्यांची बहीण शालिनी यांना. शालिनीबाईंनी नकार दिला आणि दुर्गाबाईंचे नाव सुचविले. दिग्दर्शक मोहन भवनानी यांचा तो 'फरेबी जाल' नावाचा मूकपट होता. बोलपटाचे युग उजाडल्यामुळे त्याला थोडा बोलका भाग जोडावयाचा होता. काम अवघ्या काही मिनिटांचे होते. मुलांच्या तोंडाकडे पाहून दुर्गाबाईंनी होकार दिला.

मूकपटाचा चटका

'फरेबी जाल' १९३१ साली पडद्यावर आला आणि दुर्गाबाईंवर जणू आभाळ कोसळले. एवढ्याशा भागापलीकडे चित्रपटात काय आहे, याची त्यांना काहीच कल्पना नव्हती. चित्रपट सामान्य दर्जाचा आणि भडक निघाला. त्यात भर म्हणून जाहिरातींत लाडांची कन्या आणि खोट्यांची सून असा दोन्ही घराण्यांचा मोठ्या अक्षरांत उल्लेख झाला. काल ज्यांच्या घरी मानाने बोलावणे होत होते त्यांच्या दारात आज कुजबुज सुरू झाली. सासर आणि माहेर या दोन्ही कुळांना बट्टा लागला, असे लोक तोंडावर बोलू लागले. घरात अन्न नसताना ज्यांनी कधी विचारपूस केली नव्हती, त्यांना नीतीची आठवण झाली.

दुसरी एखादी स्त्री असती तर तिने त्या दिवशीच सिनेमाचे नाव टाकले असते आणि तिला कोणी दोषही दिला नसता. दुर्गाबाईंनाही त्या प्रकाराचा मनस्वी चटका बसला. पण झाल्या प्रकारातून त्या एक धडा शिकल्या. काम पत्करण्यापूर्वी ते कोणते, कोणाबरोबरचे आणि कशासाठीचे हे नीट पारखून घ्यावयाचे; आणि एकदा पत्करले की मान खाली घालावयाची नाही. पुढील पन्नास वर्षे त्यांनी हा नियम पाळला.

'अयोध्येचा राजा'

कोल्हापुरास १९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर, कुलकर्णी आणि व्ही. शांताराम यांनी प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली होती. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत 'आलम आरा' हा पहिला हिंदी बोलपट झळकला आणि मूकपटाचे दिवस संपत आले हे प्रभातकारांनी ओळखले. आपला पहिला बोलपट त्यांनी हरिश्चंद्राच्या कथेवर काढावयाचे ठरविले. 'फरेबी जाल'मुळे ज्या दुर्गाबाईंची नाचक्की झाली होती, त्यांच्यातच शांतारामबापूंना तारामती दिसली.

घरच्यांची संमती मिळणे अर्थातच सोपे नव्हते. दुधाने तोंड पोळले होते. परंतु कथा पुराणातली, संस्था नेकीची आणि भूमिका महासतीची. दुर्गाबाई कोल्हापुरास गेल्या.

त्या काळी बोलपट तयार करणे हे किती जिकिरीचे काम होते, याची कल्पना आज येणार नाही. गाणे आधी ध्वनिमुद्रित करून पडद्यावर नुसते ओठ हलवावयाचे ही सोय तेव्हा नव्हती. नटाने कॅमेऱ्यासमोर अभिनय करता करता स्वतःच गावे लागे आणि पेटी-तबलावाले चौकटीबाहेर दडून बसत. मध्येच कोणी खोकले, पक्षी ओरडला, की सारा प्रसंग पुन्हा पहिल्यापासून. त्यात 'अयोध्येचा राजा' मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत निघत होता; म्हणजे प्रत्येक प्रसंग दोनदा. दुर्गाबाईंना रंगभूमीचा अनुभव नव्हता. समोर हरिश्चंद्राच्या भूमिकेत होते संगीत नाटकांत मुरलेले गोविंदराव टेंबे, आणि चित्रपटाचे संगीतही त्यांचेच. बाबूराव पेंढारकर, मास्टर विनायक अशी तयारीची मंडळी सोबत होती. अशा मंडळींत नवख्या दुर्गाबाई उभ्या राहिल्या आणि कमी पडल्या नाहीत.

१९३२ च्या फेब्रुवारीत 'अयोध्येचा राजा' प्रदर्शित झाला. मराठीतील हा पहिला बोलपट. राज्य गेले, वैभव गेले, बाजारात विक्री झाली, दुसऱ्याच्या घरी दासी होऊन भांडी घासण्याची पाळी आली तरी जिचे सत्त्व ढळले नाही, अशी ती तारामती पाहून लोक थक्क झाले. एकोणीस वर्षांपूर्वी ज्या भूमिकेसाठी फाळक्यांना अवघ्या मुंबईत एक स्त्री मिळाली नव्हती, ती भूमिका आता चांगल्या घरच्या, कॉलेजात शिकलेल्या मराठी स्त्रीने केली होती. वर्षभरापूर्वी नाके मुरडणारा समाज आता आपल्या लेकीसुनांना घेऊन तिला पाहावयास आला.

तारामतीची कथा आपल्याकडे शतकानुशतके सांगितली जाते. पोटासाठी परक्या घरी राबणारी राणी म्हणून आपण तिच्यापुढे हात जोडतो. पण आपल्या डोळ्यांदेखत एखादी बाई मुलांसाठी चार पैसे मिळवू लागली की आपणच तिच्याविषयी बोलू लागतो. दुर्गाबाईंच्या बाबतीत असेच घडले. घराची पडझड, मुलांचा सांभाळ आणि लोकापवाद यांतून ही स्त्री स्वतः जात होती. म्हणून तिची तारामती पाहणाऱ्याच्या काळजाला भिडली, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

राणी, मीरा, सीता आणि सौदामिनी

त्याच वर्षी प्रभातचा 'माया मच्छिंद्र' आला. मच्छिंद्रनाथ आणि गोरखनाथ यांची स्त्रीराज्यातील कथा नाथपंथी पोथ्यांतून गावोगाव माहीत होती. तीत दुर्गाबाईंनी स्त्रीराज्याच्या राणीचे काम केले. शेजारी पाळीव चित्ता घेऊन बसलेली ती करारी राणी आणि काही महिन्यांपूर्वीची सोशिक तारामती एकच आहे, यावर प्रेक्षकांचा विश्वास बसेना.

नंतर कलकत्त्याहून बोलावणे आले. १९३३ साली न्यू थिएटर्सच्या 'राजरानी मीरा'मध्ये त्या मीराबाई झाल्या. १९३४ च्या 'सीता'मध्ये त्या सीता, तर पृथ्वीराज कपूर हे राम होते. या दोन्ही चित्रपटांचे दिग्दर्शक देवकी बोस. 'सीता' हा चित्रपट इटलीतील व्हेनिसच्या महोत्सवात दाखविला गेला आणि त्याला मानपत्र मिळाले. आपल्या देशाच्या बोलपटाला परदेशातील महोत्सवात लाभलेला हा पहिला मोठा गौरव होय.

समुद्राकाठी राहणाऱ्या मंडळींना विशेष वाटावी अशी त्यांची भूमिका म्हणजे १९३६ सालच्या 'अमर ज्योती'तील सौदामिनी. राज्याच्या कायद्याने जिच्या कुशीतून तिचे मूल हिरावून घेतले, ती आई गलबतावर चढते, दर्यावर्दी बंडखोरांची नायिका होते आणि जुलमी सत्तेविरुद्ध शस्त्र उचलते, अशी ही कथा. आपल्या किनाऱ्याने आंग्र्यांचे आरमार पाहिलेले आहे. पण बाईच्या हाती गलबताचे सुकाणू ही गोष्ट पडद्यावरही नवीन होती. अन्याय सोसत न राहता उलटून उभी राहणारी स्त्री दुर्गाबाईंनी इतक्या ताकदीने रंगविली की प्रभातच्या श्रेष्ठ चित्रपटांत त्याची गणना होऊ लागली.

त्या काळच्या कंपन्या नटनट्यांना महिना पगारावर बांधून घेत. एका कंपनीचा माणूस दुसरीकडे काम करू शकत नसे. दुर्गाबाईंनी हे बंधन मानले नाही. कोल्हापूर, पुणे, कलकत्ता, मुंबई असे जेथे चांगले काम मिळेल तेथे त्यांनी आपल्या अटींवर केले. पुढे सर्वच कलावंतांनी ज्या पद्धतीचा अवलंब केला तिच्या त्या पहिल्या पुरस्कर्त्यांपैकी होत. १९३० च्या दशकातच 'सवंगडी' या चित्रपटाच्या निर्मितीतही त्या उतरल्या. स्त्रीने चित्रपटात काम करणेच जेथे नवलाचे, तेथे तिने भांडवल उभे करून चित्रपट काढावा हे किती धाडसाचे होते, हे वेगळे सांगावयास नको.

१९४१ साली आचार्य अत्रे यांच्या 'पायाची दासी'मध्ये त्यांनी सुनेला छळणारी सासू उभी केली. नायिका म्हणून नावलौकिक असताना खाष्ट सासूचे काम पत्करणे यालाही धैर्य लागते. लगेच १९४२ साली 'भरत भेट'मध्ये त्या कैकेयी झाल्या. या दोन्ही चित्रपटांच्या हिंदी आवृत्त्यांतील कामाबद्दल बंगालच्या चित्रपट पत्रकार संघाने त्यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचा मान दिला. सीतेला ज्या प्रेक्षकाने हात जोडले होते त्यालाच कैकेयीचा संताप यावा, आणि दोन्ही वेळा समोर त्याच दुर्गाबाई असाव्यात, यातच त्यांच्या अभिनयाचे मर्म आले.

रंगभूमीची सेवा

सिनेमात नाव मिळाले की नाटकाकडे पाठ फिरविणारे पुष्कळ. दुर्गाबाईंचा प्रवास नेमका उलट झाला. बोलपटांच्या लाटेत नाटक मंडळ्या एकामागून एक बंद पडत होत्या, थिएटरांची चित्रपटगृहे होत होती, त्या पडत्या काळात मुंबई मराठी साहित्य संघाने डॉ. अ. ना. भालेराव यांच्या पुढाकाराने नाट्यमहोत्सव सुरू करून रंगभूमीला धीर दिला. दुर्गाबाई त्या कार्यात मनःपूर्वक सहभागी झाल्या. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'तील त्यांची आनंदीबाई विशेष गाजली. वि. वा. शिरवाडकरांनी शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'वरून लिहिलेल्या 'राजमुकुट'मध्ये नानासाहेब फाटक यांच्याबरोबर त्यांनी नायिकेचे काम केले. महत्त्वाकांक्षेने आंधळ्या झालेल्या स्त्रीची ही भूमिका अभिनयाची कसोटी पाहणारी होती.

१९५८ साली संगीत नाटक अकादमीने त्यांना पुरस्कार दिला. मराठी नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षपदाचा बहुमानही त्यांना लाभला. ज्या रंगभूमीने घरंदाज स्त्रीला एकेकाळी विंगेतही उभे राहू दिले नव्हते, तिने एका स्त्रीला आपल्या संमेलनाच्या सर्वोच्च आसनावर बसविले.

चित्रपटातील आई

वय वाढले तसे दुर्गाबाईंनी ते लपविले नाही. नायिकेच्या भूमिकांचा हट्ट न धरता त्यांनी आई, आजी, मावशी अशी कामे स्वीकारली. १९६० सालच्या 'मुघल-ए-आझम'मधील जोधाबाई कोणी विसरू शकणार नाही. एकीकडे पती, दुसरीकडे मुलगा आणि मध्ये होरपळणारी आई असा तो पेच. त्यात अकबर झाले होते तेच पृथ्वीराज कपूर, जे सव्वीस वर्षांपूर्वी त्यांच्या सीतेचे राम होते. १९७३ च्या 'बॉबी'मध्ये त्यांनी नायिकेची आजी केली आणि तरुण पिढीलाही त्या आपल्याशा वाटल्या. १९७४ च्या 'बिदाई'साठी त्यांना सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. १९८० च्या 'कर्ज'मध्येही त्यांनी आईची भूमिका केली. म्हणजे मूकपटापासून रंगीत चित्रपटापर्यंतच्या पन्नास वर्षांच्या त्या साक्षीदार ठरल्या.

पडद्यामागेही त्यांचे हात रिकामे नव्हते. १९५० नंतरच्या काळात त्यांनी स्वतःची संस्था काढून लघुपट आणि जाहिरातपट तयार करण्यास प्रारंभ केला. पुढे 'दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स' या नावाने ही संस्था ओळखली जाऊ लागली. दूरदर्शनवर १९८८ साली गाजलेली 'वागले की दुनिया' ही मालिका याच संस्थेची. एका साध्या कारकुनाचे घर दाखविणारी ती मालिका पाहावयास गावात टीव्ही असलेल्या घरी साऱ्या आळीची मुले जमत, हे अनेक ग्रामस्थांना आठवत असेल.

भारत सरकारने १९६८ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार हा भारतीय चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च सन्मान त्यांना मिळाला. ज्या फाळक्यांना आपल्या हरिश्चंद्रासाठी तारामती मिळाली नव्हती, त्यांच्या नावाचा पुरस्कार मराठीतील पहिल्या बोलत्या तारामतीला लाभावा, यासारखा दुसरा योग नाही. २०१३ साली भारतीय चित्रपटाची शताब्दी साजरी झाली, तेव्हा टपाल खात्याने त्यांचे चित्र असलेले तिकीटही काढले.

दुःखे आणि अलिबागचा विसावा

मान मिळाला, पैसा मिळाला, पण सुख सरळ मार्गाने त्यांच्या वाट्याला कधी आले नाही. दुसरा विवाह झाला, तोही टिकला नाही. सर्वांत मोठा घाव बसला तो मुलाच्या मृत्यूचा. ज्या मुलांसाठी लोकांचे बोल झेलत त्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या होत्या, त्यांपैकी हरिन ऐन उमेदीच्या वयात गेले. हरिन यांच्या पत्नी विजया याच पुढे विजया मेहता म्हणून मराठी रंगभूमीवरील थोर दिग्दर्शिका झाल्या. पुत्रवियोगाचे दुःख दुर्गाबाईंनी पडद्यावर कितीदा तरी केले होते. रोहिदासाच्या कलेवरावर टाहो फोडणाऱ्या तारामतीने मराठी मुलूख रडविला होता. उतारवयात तेच दुःख खरे होऊन घरी आले. तरीही त्या खचून बसल्या नाहीत. काम हाच त्यांचा आधार राहिला.

पुढे मुंबईची धावपळ मागे टाकून त्या अलिबागेस राहावयास आल्या. नारळी-पोफळीच्या वाड्या, समोर कुलाब्याचा किल्ला आणि अष्टौप्रहर गाजणारा समुद्र. मुंबई खाडीपलीकडे हाकेच्या अंतरावर, पण तिचा गलबला येथवर न पोहोचणारा. मूळच्या गोव्याकडील घराण्यात जन्मलेल्या दुर्गाबाईंना हा किनारा परका नव्हता. येथील निवांतपणात त्यांनी आपल्या आयुष्याचा हिशेब कागदावर मांडला. 'मी, दुर्गा खोटे' हे त्यांचे आत्मचरित्र मराठीत आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. शिक्षण इंग्रजी शाळेत झाले, कीर्ती हिंदी चित्रपटांनी दिली. पण मनातले सांगावयाची वेळ आली तेव्हा त्यांनी मायबोलीच जवळ केली. २००६ साली शांता गोखले यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादामुळे ते जगभरच्या वाचकांपर्यंत गेले.

२२ सप्टेंबर १९९१ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी दुर्गाबाईंनी इहलोकीची यात्रा संपविली.

गावाने घ्यावयाचा बोध

दुर्गाबाईंनी स्त्रियांच्या हक्कांवर सभा गाजविल्या नाहीत. मुलांना वाढवावयाचे होते म्हणून त्या कामाला लागल्या, आणि ते काम इतक्या चोखपणे केले की त्या कामाचीच प्रतिष्ठा वाढली. चांगल्या घरच्या मुलीने अभिनय केला तर घराण्याला बट्टा लागतो, ही समजूत त्यांच्यानंतर टिकून राहणे अवघड झाले. त्यांच्या मागून आलेल्या असंख्य अभिनेत्रींना सन्मानाने काम करता आले, त्याचे थोडे श्रेय त्या एकाकी वर्षाला आहे, ज्या वर्षी साऱ्यांनी नावे ठेवूनही ही बाई मागे हटली नाही.

आज किनाऱ्यावरील गावांत उत्सवाच्या नाटकात मुलीच मुलींची कामे करतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात झाशीची राणी होऊन उभी राहिलेली नात पाहून आजी टाळ्या वाजविते. पूर्वी मांडवाच्या कडेला, अंधारात बसून नाटक पाहणाऱ्या स्त्रिया आता पहिल्या रांगेत बसतात. ही गोष्ट आपोआप घडलेली नाही. कोणीतरी आधी बोल सोसले, म्हणून ती घडली.

जीर्णोद्धार म्हणजे जुने ते पाडून टाकणे नव्हे आणि जसेच्या तसे जपणेही नव्हे. जे पवित्र आहे ते राखावयाचे, जे कुजले आहे ते बदलावयाचे आणि देवाला पुन्हा प्रशस्त जागा करून द्यावयाची. ग्रामस्थ आणि देणगीदार यांच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या सभामंडपात उद्या पुन्हा कीर्तन होईल, पुन्हा हरिश्चंद्र-तारामतीची कथा रंगेल. तेव्हा दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या त्या राणीला नमस्कार करताना, आपल्या गावात होडीची मासळी विकणारी, शिवणयंत्र चालविणारी, एस. टी.ने रोज नोकरीला जाणारी, मुलांसाठी एकटीने कष्ट करणारी जी कोणी असेल तिलाही मानाने वागवावे. मराठीतील पहिल्या बोलत्या तारामतीला यापेक्षा उचित श्रद्धांजली दुसरी नाही.

कै. दुर्गाबाई खोटे यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!